राणीच्या चित्रातला पांढरा मलमलीचा ड्रेस : पीडीएफ पॅटर्नचा रिव्ह्यू

आधी निकाल सांगून टाकते, पॅटर्न, म्हणजे कापड कापायचा छापील साचा, घेण्यासारखा आहे, पण अर्धाच. गळा, बाह्या आणि मुंढा (बाही जिथे जोडतात तो काखेभोवतीचा काप) यासाठी पैसे वसूल. घेर आणि कापडाचा सल्ला, या दोन बाबतीत मात्र त्याच्या भरवशावर अजिबात राहू नका.

ड्रेस कुठला ते सांगते म्हणजे पुढचं कळेल. एलिझाबेथ विजे ल ब्रं या चित्रकर्तीने फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत हिचं एक चित्र काढलं आणि 1783 साली पॅरिसच्या सलोंमध्ये, म्हणजे तिथल्या मोठ्या चित्रप्रदर्शनात लावलं. अंगावर साधा पांढरा मलमलीचा झगा, कमरेला सोनेरी झाक असलेला पातळ पट्टा, डोक्यावर गवती हॅट, हातात गुलाब, आणि दागिना एकही नाही. झालं, लोक खवळले. राणी आतल्या कपड्यांवर चित्राला बसली म्हणून बोंब, शिवाय देशातलं रेशीम सोडून बाहेरून येणारं सुती कापड घालते म्हणूनही टीका. शेवटी ते चित्र प्रदर्शनातून उतरवावं लागलं आणि त्याच चित्रकर्तीने तशाच पोझमधलं, तसाच गुलाब हातात असलेलं दुसरं चित्र दिलं, यावेळी निळसर रेशमी ड्रेसमधलं. ते दुसरं व्हर्सायला आहे. गंमत म्हणजे फॅशन काही उतरली नाही, पुढची काही वर्षं बायका हाच झगा शिवून घेत होत्या आणि आज जुन्या काळातल्या धर्तीचे कपडे शिवणाऱ्या मंडळींमध्येही सगळ्यात लाडका हाच.

आता पॅटर्न. ए-फोर कागदावर प्रिंट काढून चिकटवायचे, ते काम कंटाळवाणं आहेच, पण पानांवरच्या खुणा बरोबर जुळतात आणि पहिल्याच पानावर मोजायचा चौकोन दिलाय, तो पट्टीने मोजल्याशिवाय पुढची पानं छापू नका, प्रिंटर गुपचूप साईझ लहान करतो. प्रत्येक साईझ वेगळ्या लेयरवर आहे, आपल्याला हवी तेवढीच रेघ छापता येते, हे फार बरं केलंय.

साईझ चार्ट मात्र उगाच लांबलचक आहे. छाती, कंबर, हिप सगळं विचारतात, पण हा ड्रेस मुळात सरळ पट्ट्यांचा, गळ्याशी आणि कमरेशी नाडी ओढून अंगावर बसवायचा, त्यामुळे एकच साईझ दोन-तीन मापांच्या बाईला आरामात होते. खरं माप लागतं ते खांद्याचं, पाठीच्या रुंदीचं आणि मुंढ्याचं, आणि ती मापं कुठे लिहायची तर शेवटच्या पानावर बारीक अक्षरात.

मुंढा हा या पॅटर्नमधला सगळ्यात भारी भाग. उंच आणि काखेशी घट्ट कापलाय, अगदी तेव्हाच्या कपड्यांसारखा. कागदावर बघून वाटतं की हे अंगात जाणारच नाही, आणि रेडीमेडची सवय असलेला कुणीही तिथे पहिल्यांदा कात्री लावेल. लावू नका. मुंढा वर असला की हात उचलला तरी आख्खा ड्रेस वर ओढला जात नाही, सैल खोल मुंढ्यात नेमकं तेच होतं आणि मग कमरेच्या चुण्या सारख्या सरकत राहतात.

गळ्याचं कामही छान समजावलंय. आतून अरुंद पट्टी लावून दोन नेफे, एकातून गळा ओढायचा, दुसऱ्यातून त्याच्या जरा खाली, मग त्या दोन ओळींच्या मध्ये कापड आपोआप फुगतं आणि वर झालर उभी राहते. चित्रात गळ्याशी जे ढगासारखं दिसतं ना, ते त्यातूनच येतं. नाडी बाहेर काढायला समोर छोटी काजं हाताने करायला सांगितलीत, ती मशीनवर करू नका, मलमल तिथेच फाटते. आणि नाडी सुती टेपचीच घ्या. पॅटर्नच्या फोटोत सॅटीनची रिबन आहे, दिसते सुंदर पण गाठ टिकत नाही, तासाभरात गळा खांद्यावरून उतरायला लागतो.

आता तक्रारी. घेर. पॅटर्नमध्ये खालचा घेर जेमतेम 240 सेंटीमीटर आहे. जाड कॉटनला चालून जाईल, पण मलमलीचं तसं नसतं, कापड जितकं पातळ तितक्या चुण्या जास्त लागतात, नाहीतर ड्रेस भरगच्च दिसायच्या ऐवजी नाईटगाऊन दिसतो. मी 110 सेंटीमीटर पन्ह्याचे तीन पूर्ण तुकडे काठाला काठ जोडून घेतले, म्हणजे साधारण 330, आणि तिथून पुढे चित्राच्या जवळ गेल्यासारखं वाटलं. अर्थात मूळ चित्रात पाय दिसतच नाहीत, राणी मांड्यांच्या वरच संपते, पाठही दिसत नाही, त्यामुळे खालचा भाग आणि मागची बाजू हा डिझायनरचा अंदाजच, आणि त्याबद्दल तक्रार नाही. पण माहितीपुस्तिकेत 'चित्राप्रमाणे हुबेहूब' असं लिहिलंय ते जरा जास्तच झालं.

कापडाबद्दल एकच ओळ दिलीय, 'कुठलंही हलकं कॉटन'. अहो, सगळा ड्रेसच कापडावर उभा आहे! कॅम्ब्रिक, पॉपलिन असलं काही घेतलं तर चुण्या फुगून बाहेर येतात आणि कंबर गायब होते. मलमल किंवा एकदम पातळ वॉइल, बास. तेव्हाची बारीक मलमल भारतातून, बंगालमधूनच युरोपात जायची, आणि तसलं झिरझिरीत कापड होतं म्हणूनच एवढा घेर कमरेत मावायचा. कापायच्या आधी धुऊन घ्या, आटते. सुई 60 किंवा 70 नंबरची, नवी कोरी, आणि शिवण सुरू करताना कापडाखाली टिश्यू पेपर ठेवा नाहीतर मशीन टोक गिळून टाकतं. शिवणी फ्रेंच सीमच्या करा, म्हणजे दोनदा शिवून कापडाच्या कडा आतच बंद करायच्या, आरपार दिसणाऱ्या कापडात ओव्हरलॉकचे दोरे फार वाईट दिसतात. पॅटर्नमध्ये ओव्हरलॉक सांगितलंय, का ते त्यांनाच ठाऊक.

पट्ट्याला बकरम लावायला सांगितलंय, तेही सोडून द्या. चित्रातला पट्टा मऊ आहे, कमरेभोवती गुंडाळल्यावर त्याला आपोआप घड्या पडल्यात. बकरम लावला की तो सरळसोट बेल्ट होतो आणि सगळी मजा जाते. पातळ रेशमी ऑर्गेंझा किंवा क्रेप, वीसेक सेंटीमीटर रुंद, कडा हाताने दुमडून, एवढं पुरे.

पण खरी मोठी उणीव वेगळीच आहे. आत काय घालायचं याबद्दल एक अक्षर नाही! चित्रात ड्रेस सैल आहे, पण आतलं शरीर सैल नाही, समोरची बाजू सरळ आणि ताठ दिसते, कारण आत घट्ट बांधलेली काचोळी आहे आणि खाली पेटीकोट आहेत. ते नसलं तर कितीही सुंदर शिवा, आरशात वेगळंच दिसतं. फोटोतल्या मॉडेलने ते घातलंय हे स्पष्ट कळतं, मग लिहायला काय झालं होतं? निदान एक घट्ट बॉडीस आणि कडक कॉटनचे दोन पेटीकोट आधी करून ठेवा आणि मापं त्यावरूनच घ्या, नुसत्या अंगावरून घेतलेली कमर नंतर जुळत नाही.

बाह्यांचं राहिलंच. दंडावर रिबन बांधून फुगे करायचे, त्या खुणा पॅटर्नवर अचूक आहेत, पण रिबन शिवून टाकू नका, नुसती बांधा, धुताना सोडता येते आणि इस्त्री सपाट कापडावर होते.

'नवशिक्यांसाठी' असा शिक्का मारलाय त्यावर जाऊ नका. आकार सोपे आहेत, कापड सोपं नाही. ज्यांनी पातळ कापड आधी हाताळलंय आणि ज्यांना घेर स्वतः वाढवता येतो त्यांनी डोळे झाकून घ्या. बाकीच्यांनी आधी जुन्या साडीच्या तुकड्यावर नुसता गळा शिवून बघा. माझ्याकडून पाचपैकी साडेतीन, त्यातला अख्खा एक मार्क एकट्या मुंढ्याचा. हॅटचा पॅटर्न वेगळा विकतात, तो घ्यायची गरज नाही, साध्या रुंद कडेच्या गवती हॅटला निळसर रिबन आणि एखादं पीस लावलं की झालं.