चार-दोन-एक हेडर किट: पिकअप मस्त, मफलर मात्र नको

माझी गाडी १.६ लिटर पेट्रोल, चार सिलिंडर, टर्बो नाही. हेडर (इंजिनच्या प्रत्येक सिलिंडरमधून जळका गॅस बाहेर नेणाऱ्या पाइपांचा जोड), मधला पाइप आणि मफलर (सायलेन्सर) असा हा एक्झॉस्टचा पूर्ण सेट बसवून भरपूर चालवून झालीय. हेडरवर मी बेहद्द खूश आहे, मफलरवर अजिबात नाही.

हेडरचं आधी. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-३-४-२, म्हणजे एक आणि चार नंबरचे सिलिंडर एकमेकांपासून क्रँकच्या (इंजिनच्या फिरत्या दांड्याच्या) ३६० अंशांवर फायर होतात, दोन-तीनचंही तसंच, म्हणून त्याच जोड्या आधी एकत्र आणल्यात आणि मग दोनाचा एक पाइप केलाय. कंपनीच्या आखूड मॅनिफोल्डमध्ये (हेडरच्या जागी मूळ येतो तो भाग) एका सिलिंडरचा धूर बाहेर पडताना त्याचं प्रेशर सरळ शेजारच्याच्या उघड्या व्हॉल्व्हवर जातं, इथे ते होत नाही. शिवाय प्रेशरची लाट पाइपच्या जोडापर्यंत जाऊन उलटी, म्हणजे खेचणारी होऊन परत येते आणि ती नेमकी आत घेणारा आणि बाहेर सोडणारा असे दोन्ही व्हॉल्व्ह थोडे उघडे असताना पोचली तर उरलासुरला जळका गॅस ओढून घेते, ताजं मिक्श्चर जास्त आत येतं. पाइप लांब असेल तर हा फायदा कमी आरपीएमला मिळतो, आखूड असेल तर वरच्या. या किटचे पाइप लांबच आहेत, त्यामुळे २५०० ते ४५०० मध्ये गाडी जी खेचते ना, गिअर न बदलता ओव्हरटेक होतो राव!

मधला पाइप फक्त दोन इंची ठेवलाय याबद्दल बनवणाऱ्याला पैकीच्या पैकी. इंजिनला बॅक प्रेशर, म्हणजे एक्झॉस्टमध्ये थोडा अडथळा, लागतं असं अजून सगळीकडे ऐकायला मिळतं, पण लागतो तो गॅसचा वेग. पाइप उगाच जाड केला की वेग पडतो आणि कमी आरपीएमचं टॉर्क (खेचण्याची ताकद) जातं, मग लोक म्हणतात बघा बॅक प्रेशर गेलं. बेंडही मँड्रेलवर (आत आधार घालून) काढलेत, वळणावर पाइप कुठेच चेपलेला नाही, हात फिरवून बघितलं की कळतं.

मटेरियल ३०४ स्टेनलेस, वेल्डिंग आतूनही साफ. एकच कटकट, ऑक्सिजन सेन्सरची जागा थोडी खाली गेलीय आणि वायर ताणून बसते, क्लिप काढून दुसरीकडून फिरवावी लागते. कॅट (कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, धूर स्वच्छ करणारा भाग) मूळचाच राहतो, तो काढायचाही नाही. बसवल्यावर इंजिन दोनचारदा पूर्ण गरम-थंड झालं की फ्लँजचे (पाइप जोडणाऱ्या पट्ट्यांचे) नट परत टाइट करा, नाहीतर पॅकिंगमधून टिक टिक सुरू होते.

आता मफलर. बाहेरून आवाज भारी येतो, मान्य, पण २७०० च्या आसपास केबिनमध्ये अशी घूं होते की लांबच्या प्रवासात डोकं उठतं, मागे बसणाऱ्यांचे तर हालच. चार सिलिंडरला त्या आरपीएमवर साधारण ९० हर्ट्झची धडधड असते आणि सरळ आरपार मफलर तेवढा जाड आवाज गिळतच नाही. त्यासाठी पाइपला बाजूने बंद टोकाची नळी काढतात, पण ती मीटरभराच्या वर जाते. खाली जागा असेल तर वेल्ड करून घ्या, नसेल तर किटमधला मफलर बाजूला ठेवून कंपनीचाच जोडा. मी तेच केलंय, घूं बंद झाली आणि पिकअपमध्ये मला तरी काही फरक जाणवला नाही.