चोवीस पट्ट्यांची म्बिरा आणि पंढरपूरकडचा भोपळा

भाईने झिंबाब्वेतल्या हरारेहून आणलेली म्बिरा, म्हणजे फळीवर बसवलेल्या धातूच्या पट्ट्या बोटांनी छेडायचं तिकडचं वाद्य, मी गेले चौदा महिने रोज वाजवते आहे. आता तिच्याबद्दल लिहिण्याइतकी आमची ओळख झाली आहे.

तिच्याआधी घरात कलिंबा होता. भाचीसाठी ऑनलाइन मागवलेला, सतरा पट्ट्यांचा, लाकडी पेटीवर बसवलेला, प्रत्येक पट्टीवर अक्षर कोरलेलं. दुसऱ्याच दिवशी तिने त्यावर वाढदिवसाचं गाणं बसवलं. आवाज गोड, अगदी स्वच्छ. अब्बांनी ऐकलं आणि विचारलं, "याची जवारी कुठाय?"

आम्ही मिरजेचे. अब्बांचं सगळं आयुष्य तंबोऱ्याच्या घोडीवर कानस फिरवण्यात गेलं. जवारी म्हणजे घोडी घासून स्वराला आणलेली झणझण. ती नसलेला स्वर त्यांच्या लेखी अर्धाच. मला वाटलं, आपल्या वाद्याचं माप ते परक्या वाद्याला लावताहेत. मग मी वाचायला लागले आणि कळलं की प्रश्न अगदी नेमका होता. ज्या कुळातून हा पेटीचा कलिंबा आला, त्यातल्या, झिंबाब्वेच्या शोना लोकांच्या म्बिरेला जवारी असते. कलिंब्यात ती ठेवलेली नाही.

ह्यू ट्रेसी हा इंग्रज तरुण १९२०च्या सुमारास तेव्हाच्या दक्षिण ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झिंबाब्वेत, तंबाखूची शेती करायला गेला. शेतावरच्या माणसांची गाणी ऐकून त्यांची भाषा शिकला. १९२९ मध्ये शोनांपैकीच कारांगा गटातल्या चौदा तरुणांना घेऊन तो ध्वनिमुद्रणासाठी जोहान्सबर्गला गेला. पुढची कित्येक वर्षं आफ्रिकाभर फिरून त्याने गाणी टिपली, वाद्यांचे स्वर ट्यूनिंग फोर्कने एकेक करून मोजले, आणि १९५४ मध्ये आफ्रिकी संगीताचं एक संग्रहालय उभं केलं. ते आज दक्षिण आफ्रिकेत मखांडाच्या ऱ्होड्स विद्यापीठात आहे. याच माणसाने जगभर विकण्यासाठी कलिंबा घडवला तेव्हा मात्र त्याला पाश्चात्त्य सप्तक लावलं, आणि जवारीचं काम करणारे खुळखुळणारे तुकडे बसवले नाहीत. इतक्या निगुतीने मोजलेले स्वर विक्रीच्या वाद्यात उतरलेच नाहीत, याचं मला अजून वाईट वाटतं. त्याच्या ध्वनिमुद्रणांचे उपकार आहेतच. ती नसती तर मी काय ऐकलं असतं?

आता माझी म्बिरा. पूर्ण नाव म्बिरा द्झा वाद्झिमु, म्हणजे पितरांची म्बिरा. चोवीस पोलादी पट्ट्या, ठोकून चपट्या केलेल्या, कुठेही अक्षर नाही. फळी मुब्वामारोपा नावाच्या झाडाची. त्या नावात 'रोपा' म्हणजे रक्त आहे, कारण खोडाला घाव घातला की लाल चीक वाहतो. आपल्याकडच्या बिबळा या झाडाचा हा सख्खा भाऊबंद, आणि त्याचाही चीक लालच. फळीच्या खालच्या बाजूला पत्र्याची पट्टी आणि तिच्यावर बाटल्यांची बुचं सैलसर ठोकलेली. पूर्वी तिथे शिंपले असत. पट्टी छेडली की बुचं झणझणतात, आणि स्वराभोवती बारीक वाळू उडाल्यासारखी वाटते. बनवणाऱ्याने भाईला आधीच विचारलं होतं, बुचं ठेवू की काढू, कारण बाहेरची गिऱ्हाइकं बरेचदा काढायला सांगतात. भाईने मला फोन केला. मी म्हटलं, एकही काढू देऊ नकोस.

दाम दीडशे डॉलर. हातकामाच्या मानाने मला ते वाजवी वाटले.

वाजवायची तऱ्हा अशी: उजवी करंगळी फळीच्या कोपऱ्यातल्या भोकात अडकवायची, दोन्ही अंगठ्यांनी पट्ट्या खाली दाबून सोडायच्या, आणि उजव्या तर्जनीने खालून वर उचलायच्या. पहिले दोन महिने तर्जनीचं नख टिकलं नाही. सतारीची मिजराब घालून पाहिली, आवाज कडक येतो, म्हणून सोडून दिली. उजव्या कडेच्या बारीक पट्ट्यांना माझ्या हाताला जागा अपुरी पडते, ही एक खरी अडचण आहे.

स्वरांबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण बहुतेक लोक इथेच वाद्याला बेसूर ठरवतात. माझ्या म्बिरेची जुळणी न्यामारोपा नावाची आहे. ऐकताना खमाजाच्या थाटाची आठवण येते, पण गंधार शुद्ध आणि कोमल यांच्या मधोमध बसतो. मोबाइलच्या ट्यूनरचा काटा तिथे कधीच हिरवा होत नाही. सुरुवातीला मीही पक्कड घेऊन बसले होते. अब्बांनी हात धरला. म्हणाले, "ज्यानं लावलीय त्याला कान नाहीत का?" शोना मुलखात प्रत्येक कारागिराची जुळणी थोडी वेगळी असते, आधारस्वरही सगळीकडे एक नसतो. ट्रेसीने एवढं मोजमाप केलं ते याचसाठी. चार दिवस काटा न बघता वाजवलं आणि गंधार आपल्या जागी बसला.

आता दुसरी गोष्ट. म्बिरा एकट्याने वाजवायची नसते. एक जण कुशाउरा वाजवतो, म्हणजे पुढे होऊन चाल धरतो. दुसरा कुत्सिन्हिरा, पहिल्याच्या फटींत आपले ठोके बसवत जातो. सोबत होशो, म्हणजे भोपळ्याचे खुळखुळे. गोंधळात झील धरणारा ज्याने पाहिला आहे त्याला यातली भागीदारी समजावी लागणार नाही. एक आवर्तन ४८ ठोक्यांचं, बारा-बाराचे चार भाग, आणि ते रात्रभर फिरत राहतं, कारण बिरा नावाच्या विधीत पितरांना बोलवायचं असतं. मी मोबाइलवर कुशाउरा लावते आणि कुत्सिन्हिरा वाजवते. पाचव्या महिन्यात एकदा रात्री असं झालं की मला तिसरीच चाल ऐकू आली. मी ती वाजवत नव्हते, मोबाइलमधला माणूसही वाजवत नव्हता. मी थांबले तशी ती गेली. गेर्हार्ड कुबिक या ऑस्ट्रियन अभ्यासकाने १९६२ मध्ये पूर्व आणि मध्य आफ्रिकेतल्या वाद्यसंगीताबद्दल नेमकं हेच लिहून ठेवलं आहे: वेगवेगळ्या हातांचे स्वर कान आपल्या आपण जोडतो, आणि कुणीच न वाजवलेल्या चाली ऐकू येतात. वाचलं तेव्हा अंगावर काटा आला. तंबोऱ्याच्या खर्जातून न छेडलेला गंधार उमटतो, तसंच काहीसं. पितर आले असं ज्यांना वाटतं, त्यांना ते का वाटतं याची थोडी चुणूक मला त्या रात्री लागली.

वाद्यासोबत वाचायचं असेल तर पॉल बर्लिनर या अमेरिकी अभ्यासकाचं 'द सोल ऑफ म्बिरा' हे १९७८चं पुस्तक मिळवा. मुबायिवा बांदांबिरा या बुजुर्ग वादकाला त्यांनी पट्ट्यांची नावं विचारली, तर तशी काही नावंच नाहीत असं उत्तर मिळालं. नावं हाती आली ती काही वर्षांनी, पारख झाल्यावर. आमच्या घरातही जवारीचा शेवटचा हात असाच, सगळ्यात शेवटी दाखवतात. मला तर कानसच फार उशिरा मिळाली. म्हणून झिंबाब्वेच्या म्बिरावादक स्टेला चिवेशे मला जवळच्या वाटतात. १९६०च्या दशकात त्यांना म्बिरा शिकवायला पुरुष वादक तयार नव्हते, शेवटी घरातल्याच एका वडीलधाऱ्याने शिकवलं. मिशनऱ्यांनी ज्याला भुताखेताचं वाद्य म्हणून हिणवलं ते त्यांनी देशोदेशीच्या रंगमंचांवर नेलं. २०२३च्या जानेवारीत त्या गेल्या. युनेस्कोने २०२०मध्ये मलावी आणि झिंबाब्वेतली ही कला वारशाच्या यादीत घेतली, ते त्यांनी पाहिलं.

म्बिरा भोपळ्यात अडकवून वाजवतात. त्या भोपळ्याला देझे म्हणतात. एवढे मोठे भोपळे तिकडे सहज मिळत नाहीत, म्हणून हल्ली बरेच जण फायबरचा वापरतात. भाईला विमानात तोही आणणं जमलं नाही. पण भोपळ्याची आम्हाला काय वाण! पंढरपूरकडून तंबोऱ्यासाठी आलेल्या मालात एकाच्या काठाला चीर गेली होती. अब्बांनी तो आडवा कापला, आतून घासला, काठाला कोल्ड्रिंकची बुचं तारेने ओवली. म्बिरा आत बांबूच्या काठीने ताणून बसवली. आवाज दुप्पट झालाच, शिवाय खर्ज पोटात जाणवायला लागला. अब्बांनी डोळे मिटून ऐकलं, मग दोन बुचं किंचित घट्ट केली. "फार खुली होती," एवढंच म्हणाले.

तक्रारी दोन. पावसाळ्यात पट्ट्या गंजतात, रोज कोरड्या फडक्याने पुसाव्या लागतात. पट्ट्या आवळणारी तार सहाव्या महिन्यात सैल झाली, ती मी घरीच पिळून बसवली. लहान मुलांना लगेच गाणी वाजवायची असतील तर पेटीचा कलिंबाच घ्या, त्यात वावगं काही नाही.

भाचीला आता कुत्सिन्हिरा शिकायची आहे, म्हणून दुसरी म्बिरा मागवली आहे. ती पहिलीशी जुळायला हवी, म्हणून मी चोवीसही पट्ट्या एकेक छेडून त्या कारागिराला व्हॉट्सअॅपवर पाठवल्या. त्याने दुसऱ्या दिवशी उत्तर दिलं: डाव्या खालच्या ओळीतल्या दोन पट्ट्या सरकल्यात, आधी त्या जागेवर घ्या, मग पुन्हा पाठवा.