मुंबईत बाहेरचा स्वस्त नाश्ता: उन्हाळा-पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

रोजचा नाश्ता बाहेर करायचा आणि तो 40 रुपयांच्या आत बसवायचा, ही व्यवस्था उन्हाळा आणि पावसाळा असे दोन्ही ऋतू चालवून झाल्यावर हे लिहितोय. आधी निकाल सांगतो. हे जमतं, आणि चवही उत्तम मिळते, पण त्यासाठी घड्याळ आणि खप बघावा लागतो. एकच गाडी सकाळी 8 ला अप्रतिम आणि साडेदहाला टाकाऊ असू शकते. म्हणून ‘कुठे चांगलं मिळतं’ याच्या जोडीला ‘किती वाजेपर्यंत’ हे विचारलंच पाहिजे.

सायकलवर मोठा डबा बांधून, भोंपू वाजवत फिरणारे इडलीवाले अण्णा बरेचसे धारावीतून निघतात. तिथे इडल्या पहाटेच वाफवून होतात. शीव, माटुंगा, दादर या जवळच्या भागांत साडेसात-आठपर्यंत त्या मऊ मिळतात. फडक्यात झाकलेल्या इडलीची वाफ दीड-दोन तास टिकते, मग कडा वातड होतात आणि तळच्या इडल्यांना पाणी सुटतं. बोटाने हलकेच दाबलेली इडली परत वर आली तर ती ताजी. मेदूवडा डब्यातला घेऊ नये. तो समोर तळत असतील तिथेच खावा, कारण तासाभरात तो रबरासारखा होतो. खरी काळजी घ्यायची ती चटणीची. स्वस्त चटणीत खोबरं कमी आणि डाळं जास्त असतं, त्याने चवीत फार बिघडत नाही, पण एप्रिल-मेच्या उकाड्यात 9 नंतर ती आंबायला लागते. आधी जिभेला लावून बघा. आंबूस लागली तर नुसतं सांबार घ्या, तेही वाफाळतं असेल तर.

कांदेपोह्यांची प्लेट गाडीवर साधारण 20 ते 30 रुपयांना मिळते. स्टेशनबाहेर आणि ऑफिसांच्या गल्ल्यांत उपमा, शिरा आणि पोहे अशी तिन्ही पातेली शेजारीशेजारी असतात. पोहे जाड हवेत, चाळणीत धुऊन निथळलेले आणि झाकण ठेवून एक दणदणीत वाफ दिलेले. पातेलं मंद आचेवर दोन तास राहिलं की ते कोरडे पडतात. मग गाडीवाला वरून पाण्याचा हबका मारतो आणि पोह्यांचा गोळा होतो. पातेलं अर्ध्याच्या खाली आलेलं असेल तर पुढचं कधी येणार ते विचारा आणि शक्य असेल तर थांबा. उपमा मात्र थोडा शिळावला तरी खाववतो. शिरा तुपात आहे की डालड्यात हे गार झाल्यावर टाळूला कळतं. डालडा टाळूला चिकटून बसतो.

वडापावाबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण 15 ते 25 रुपयांत मुंबईत यापेक्षा चविष्ट काही मिळत नाही आणि बिघडतोही हाच सर्वांत जास्त. पहिली गोष्ट घाणा. वडे परातीत रचून ठेवलेले असतील तर पुढच्या घाण्यापर्यंत थांबावं, पाच-सात मिनिटांचाच प्रश्न असतो. दुसरी गोष्ट आवरण. बेसनाच्या पिठात कडकडीत तेलाचं मोहन घातलं की आवरण पातळ आणि खुसखुशीत होतं. त्याऐवजी सोडा जास्त पडला तर ते फुगतं, भाजीपासून सुटतं आणि तेल पितं. वडा मोडून बघा, भाजी आणि आवरण यांत पोकळी दिसली तर कारण बहुतेक सोडाच. तिसरी गोष्ट तेल. सतत तापवलेल्या तेलात टोटल पोलर कंपाऊंड, म्हणजे तेल बिघडताना तयार होणारे घटक, वाढत जातात. एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा यंत्रणेने जुलै 2018 पासून त्यांची मर्यादा 25 टक्के ठरवली आहे. गाडीवर ते मोजता येत नाही, पण खुणा दिसतात: काळपट रंग, वडा सोडल्यावर पसरून लवकर न विरणारा फेस, मंद आचेवरही उठणारा धूर आणि घशाशी बसणारा वास. यातल्या दोन दिसल्या तरी पुढे निघावं. सकाळचा पहिला घाणाही काल रात्रीच्या तेलातला असू शकतो, तेव्हा ‘सकाळी लवकर म्हणजे चांगलं’ हा नियम इथे चालत नाही.

पाव सकाळी बेकरीतून लादीने येतो आणि त्या दिवशीचा असेल तर दाबल्यावर परत फुगतो. भुगा पडत असेल तर कालचा. बटर लावून तव्यावर भाजलेला पाव शिळेपण लपवतो, म्हणून आधी साधाच मागावा. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये लाकूड-कोळशाच्या भट्ट्या स्वच्छ इंधनावर नेण्याबाबत मुदत घातली आणि त्यानंतर पालिकेने बेकऱ्यांकडे तगादा लावला. लाकडाच्या भट्टीच्या पावाचं कवच थोडं जाड आणि खरपूस असतं, ते आवडणाऱ्यांचा जीव हळहळणारच. तरी पहाटेच्या धुराशेजारी राहणाऱ्यांचा विचार केला तर बदल योग्यच आहे. खिशात फारच कमी पैसे असतील तर चुरापाव मागावा. कढईतला बेसनाचा चुरा, सुकी चटणी आणि तळलेली मिरची. पोट भरत नाही, पण चव पूर्ण असते.

दादरला बसून खायचं तर पैसे जास्त लागतात, पण आठवड्यातून एकदा ते सार्थकी लागतात. छबिलदास गल्लीत श्रीकृष्णचा बटाटावडा, शिवसेना भवनासमोर आस्वादची मिसळ, शिवाजी पार्ककडे प्रकाशचा साबुदाणा वडा आणि पियुष. आस्वादची मिसळ सौम्य आहे. ठाण्याच्या झणझणीत मामलेदार मिसळीची धग डोक्यात ठेवून गेलात तर निराश व्हाल. मिसळ कुठेही घ्या, रस्सा वेगळा मागा, नाहीतर टेबलावर येईपर्यंत फरसाणाचा लगदा झालेला असतो. साबुदाणा वडा आणि खिचडी यांच्यासाठी संकष्टी किंवा एकादशीचा दिवस धरावा. त्या दिवशी खप इतका असतो की घाण्यावर घाणा निघतो आणि कढई थंड होत नाही. थंड तेलात सोडलेला साबुदाणा वडा तेल पितो आणि मध्ये चिकट राहतो, तर फार तापलेल्या तेलात तो फुटतो.

माटुंग्यात स्टेशनजवळचं राम आश्रय पहाटे 5 ला उघडतं. कॅफे मद्रास सोमवारी बंद असतं. रविवारी दोन्हीकडे रांग लागते, त्यामुळे मंगळवार ते शुक्रवारात साडेसातला जावं. तिथे दोघांत एक डोसा आणि एक इडली-वडा मिक्स घेतलं की खर्च आवाक्यात राहतो. सांबार पुन्हा मिळतं. फिल्टर कॉफी मात्र वाटून घेऊ नये.

इराण्याकडे, म्हणजे धोबी तलावच्या कयानीसारख्या ठिकाणी, ब्रून मस्का, म्हणजे लोणी लावलेला कडक पाव, आणि चहा. ब्रूनचं कवच कडक असतं, ते चहात बुडवूनच खायचं. स्वस्त आहे, पण दोन तासांत परत भूक लागते.

पावसाळ्यात यादी बदलावी लागते. जूनपासून कच्चा कांदा, पातळ हिरवी चटणी आणि उघड्यावरचं पाणी बंद. उकळता रस्सा, वाफाळता उपमा आणि समोर तळलेलं तेवढं चालू. फरसाण सादळलेलं असेल तर मिसळीऐवजी उसळ-पाव घ्या. तसंही सकाळी 8 ला खाल्लेला उसळ-पाव जेवणापर्यंत पोट सांभाळतो, वडापावाला ते जमत नाही. कांदा महागला की भजी आणि मिसळीत कोबी मिसळला जातो, तो गोडसर कचकचीवरून ओळखू येतो.

हिशेब असा: महिन्याचे 26 दिवस, रोज 25 रुपयांचे पोहे किंवा इडली आणि 10 ते 15 रुपयांचा कटिंग चहा, म्हणजे 910 ते 1,040 रुपये. यात दादर-माटुंग्याची आठवड्याची चैन धरलेली नाही. घरच्या पोह्यांपेक्षा हे महागच आहे, त्यामुळे सकाळी घरी अर्धा तास मिळत असेल त्यांनी ही व्यवस्था घेऊ नये. यात फळ आणि प्रथिनं दोन्ही कमी पडतात. आठवड्यातून दोन-तीनदा आम्लेट-पाव किंवा उसळ आणि बाकीच्या दिवशी पिशवीत एक केळं, एवढी भर घालावी. सुट्टे 10 आणि 20 खिशात ठेवा. सकाळच्या गर्दीत यूपीआयचं यंत्र बोलेपर्यंत लोकल सुटते.

नव्या भागात गाडी शोधायची असेल तर मोठ्या रुग्णालयाच्या फाटकापासून सुरुवात करा. परळला केईएम आणि टाटाच्या आसपास रुग्णांचे नातेवाईक, परिचारिका आणि पाळी संपवून निघालेले कर्मचारी पहाटेपासून खातात, त्यामुळे पातेली लवकर रिकामी होतात आणि पुन्हा भरतात. स्टेशनचा क्रमांक त्यानंतर. निव्वळ ऑफिसांच्या भागात शनिवारी-रविवारी जाऊ नका. तिथे खप पडलेला असतो आणि बऱ्याच गाड्या लागतच नाहीत.