ग्लिया स्टेथोस्कोप: इनफिल (आतला भराव) 100 टक्के नसेल तर छापूच नका

नाकेबंदीमुळे गाझातल्या इस्पितळांत साध्या स्टेथोस्कोपचीही वानवा होती. 2012 च्या युद्धात तिथे काम केलेले पॅलेस्टिनी-कॅनेडियन डॉक्टर तारेक लुबानी यांनी त्यातूनच ग्लिया हा प्रकल्प उभा केला आणि थ्रीडी प्रिंटरवर छापता येणाऱ्या स्टेथोस्कोपच्या फाइल सगळ्यांना खुल्या केल्या. साधारण तीन डॉलरच्या मालात लिटमन कार्डिऑलॉजी 3 या नावाजलेल्या स्टेथोस्कोपच्या तोडीचा आवाज, असा दावा आहे. 2018 मध्ये 'प्लॉस वन' या विज्ञानपत्रिकेत दोन्हींची तुलना प्रसिद्ध झाली, त्यात हा दावा टिकला. चाचणी पाणी भरलेल्या लॅटेक्सच्या फुग्यावर झाली होती, हे मात्र ध्यानात ठेवा. फुगा म्हणजे छाती नव्हे.

डिझाइन खरंच हुशारीचं आहे. छातीला लावायचं हेड, त्यावरची रिंग, वाय-पीस (एका नळीचे दोन फाटे करणारा भाग), कानाच्या दोन नळ्या आणि स्प्रिंग एवढे भाग छापायचे. मुख्य नळी सिलिकॉनची, आतून 8 आणि बाहेरून 12 मिमी. डायफ्रामसाठी, म्हणजे हेडवरच्या आवाज टिपणाऱ्या पडद्यासाठी, रिपोर्ट फाइलचं पारदर्शक प्लास्टिक कव्हर 40 मिमी व्यासाचं गोल कापायचं. झेरॉक्सच्या दुकानात हे कव्हर सहज मिळतं. फक्त चुरगळणारं पातळ कव्हर घेऊ नका. कात्रीने कापलं तर कडेला कंगोरे राहतात, रिंग एका बाजूने वर उचलली जाते आणि फट पडून आवाज गळतो. कापल्यावर कड बारीक पॉलिशपेपरने घासून घ्या.

आता मुख्य अडचण. प्रिंट घेणाऱ्या दुकानदाराला फाइल नुसती पाठवली तर तो वेळ आणि फिलामेंट (प्रिंटरचा प्लास्टिकचा धागा) वाचवायला 20 टक्के इनफिल ठेवतो. वरून वस्तू अगदी तशीच दिसते, पण आतल्या पोकळ जाळीत आवाज मुरतो आणि बारीक मर्मर (हृदयातला सळसळीसारखा आवाज) ऐकूच येत नाही. म्हणून ऑर्डर देतानाच 100 टक्के लिहून घ्या आणि हेड हातात घेऊन वजन बघा. पीएलए प्रकारचा फिलामेंट नको, कारण साठ अंशांच्या आसपास तो मऊ पडतो आणि मे महिन्यात बंद गाडीत ठेवलेला स्टेथोस्कोप वाकडा होतो. एबीएस प्रकारचा चांगला, पण बंदिस्त प्रिंटर नसेल तर थंड होताना कोपरे उचलले जातात.

दुसरी नेहमीची खोट वाय-पीसमध्ये असते. आत फिलामेंटचे तंतू लोंबतात आणि एका कानाचा मार्ग अर्धवट बुजतो. जोडणीआधी उजेडाकडे धरून आरपार दिसतंय का बघा, नसेल तर पातळ ड्रिल बिट हाताने फिरवा. जोडल्यावर डायफ्रामवर बोटाने हलकी टिचकी मारा. दोन्ही कानांत सारखीच ऐकू आली पाहिजे. कानातल्या टिप्स छापू नका, सर्जिकलच्या दुकानातून मऊ रबरी घ्या.

पुण्या-मुंबईत हा छापून पैसे वाचतील, ही अपेक्षा ठेवू नका. सर्जिकलच्या दुकानात काही शे रुपयांत स्टेथोस्कोप मिळतो आणि एकच नग छापायचा तर प्रिंटरचं भाडंच त्याहून जास्त होईल. पुरवठा तुटतो तिथे, नाहीतर तुटलेली रिंग किंवा वाय-पीस बदलायला, याला तोड नाही.

ऑटोक्लेव्हमध्ये (वाफेने निर्जंतुक करण्याच्या यंत्रात) घालायचा नाही, 121 अंशांत एबीएसही टिकत नाही. 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. थरांच्या रेघांत घाण अडकते, तिथे मऊ ब्रश फिरवा.