ईस्टर उठाव: १९६६ ची मालिका की २०१६ ची?

ब्रिटिश सत्तेविरुद्ध डब्लिनमध्ये १९१६ च्या ईस्टरला झालेल्या उठावावर एकच मालिका बघायची तर कोणती, असं भाच्याने विचारलं. माझ्यासमोर दोन आल्या: आयरिश दूरचित्रवाणीची ‘इन्सरेक्शन’ (१९६६, आठ भाग) आणि अभिनेता लियाम नीसनच्या निवेदनातली ‘१९१६: द आयरिश रिबेलियन’ (२०१६, तीन भाग).

आधी पुरावे बघू. उठाव आणि १९१३ ते १९२१ च्या स्वातंत्र्यलढ्यातल्या लोकांचे १,७७३ जबाब आयरिश सरकारने १९४७ पासून दहा वर्षांत गोळा केले, पण ते लोकांसाठी खुले झाले थेट २००३ मध्ये. म्हणजे पहिल्या मालिकेच्या हाती ते नव्हतेच! त्यात तिचा काय दोष? पण तपशिलासाठी माझा भरवसा दुसरीवरच.

दृश्यांचं म्हणाल तर पहिली सरळ नाट्यरूपांतर आहे. १९१६ मध्ये टीव्ही असता तर बातम्या कशा दिल्या असत्या, ही तिची कल्पना. ती काही लपवत नाही. दुसरीत जुनं चित्रण आहे. पण प्रत्यक्ष लढाईचं चित्रण फारसं नाहीच, बरंचसं नंतरच्या पडझडीचं. तिथे निवेदन कान देऊन ऐकावं.

अभ्यासासाठी, अमेरिकेतल्या आयरिश लोकांचा धागा समजून घ्यायला दुसरी. पन्नास वर्षांनी आयर्लंडला स्वतःचा उठाव कसा आठवायचा होता, हे बघायचं असेल तर पहिली. भाच्याची परीक्षा आहे, त्याला दुसरीच सांगितली.