प्रिस्क्रिप्शन खरं, पण औषध? ‘हीलिंग पेप्टाइड’च्या नावाखाली होणारी फसवणूक

रस्त्यावरचा भोंदू बाटली विकायला आला, तर माणूस त्याला दहा प्रश्न विचारतो. डॉक्टरने रीतसर प्रिस्क्रिप्शन लिहून दिलं की एकही विचारत नाही. अमेरिकेत ‘दुखापत बरी करतात’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बीपीसी-१५७, टीबी-५०० अशा पेप्टाइडांच्या, म्हणजे अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्यांच्या, इंजेक्शनांचा जो धंदा चाललाय, तो सगळा या भरवशावर उभा आहे. महिनोन्‌महिने खांदा किंवा टाचेचा टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारा दोर) बरा न झालेला माणूस क्लिनिकमध्ये येतो, तपासणीची फी भरतो, ‘पेप्टाइड प्रोग्रॅम’चे पैसे आगाऊ देतो आणि छोटी कुपी घेऊन घरी जातो. कुपीत भेसळ असेलच असं नाही. पण फसवणूक त्याआधी कागदावर झालेली असते.

सुरुवात एका वाक्याने होते: “हे ऑफ-लेबल आहे, सगळेच डॉक्टर देतात.” हे ऐकलं की पाकीट खिशातच ठेवावं. एफडीएने, म्हणजे अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एका आजारासाठी मंजूर केलेलं औषध डॉक्टरने दुसऱ्या आजारासाठी देणं म्हणजे ऑफ-लेबल. ते कायदेशीर आहे, रोज होतं, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण त्यासाठी मुळात मंजूर लेबल असावं लागतं. बीपीसी-१५७ ला एफडीएने कुठल्याच आजारासाठी मंजुरी दिलेली नाही. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?

बीपीसी-१५७ म्हणजे १५ अमिनो आम्लांची साखळी. माणसाच्या जठररसातल्या एका प्रथिनाचा हा तुकडा, असं सांगितलं जातं. त्यावरचं बरंचसं काम क्रोएशियातल्या झाग्रेबमधल्या एका गटाचं आणि मुख्यतः उंदरांवरचं आहे. उंदरांचे टेंडन जुळून आल्याचे निष्कर्ष त्यात आहेत, ते खोटे म्हणायचं कारण नाही. माणसांचं काय? २०१५ मध्ये ४२ निरोगी स्वयंसेवकांवरची फेज १, म्हणजे पहिल्या टप्प्याची, चाचणी नोंदवली गेली, पण तिचे निकाल प्रसिद्ध झाले नाहीत. क्लिनिकच्या चकचकीत पत्रकावर ‘संशोधनाने सिद्ध’ असं लिहिलेलं असतं. कोणत्या प्राण्यावर, ते नसतं.

आता कायद्याचं. डॉक्टरने काय लिहावं हे एफडीए ठरवत नाही, तो राज्यांच्या मेडिकल बोर्डांचा विषय. म्हणून प्रिस्क्रिप्शनचा कागद स्वतः बनावट नसतो. प्रश्न असा की ते औषध कायदेशीरपणे बनवून देणार कोण? मंजूर कंपनी नाही, म्हणजे उरली कंपाउंडिंग फार्मसी, रुग्णाच्या नावाने औषध तयार करून देणारी. तिला फेडरल कायद्याच्या कलम ५०३ए ची चौकट आहे. कच्चा माल या तीनपैकी एका दारानेच आत येऊ शकतो: त्याचा यूएसपी किंवा एनएफ या अधिकृत औषधसंहितांमध्ये मोनोग्राफ (प्रमाणित वर्णन) हवा, किंवा तो एखाद्या मंजूर औषधाचा घटक हवा, किंवा एफडीएच्या ५०३ए यादीत त्याचं नाव हवं. शिवाय तो एफडीएकडे नोंदणी असलेल्या कारखान्यातून आलेला असावा लागतो. बीपीसी-१५७ ला मोनोग्राफ नाही आणि ते कुठल्या मंजूर औषधाचा घटकही नाही. यादीसाठी त्याचं नाव सुचवलं गेलं, तेव्हा सप्टेंबर २०२३ मध्ये एफडीएने ते दुसऱ्या वर्गात, म्हणजे सुरक्षेची गंभीर शंका असलेल्या पदार्थांत टाकलं. कारणं होती शरीराची प्रतिकारक प्रतिक्रिया, पेप्टाइडमधल्या अशुद्धी आणि माणसांवरच्या माहितीचा तुटवडा. थोडक्यात, खात्यात पैसे नसताना चेक फाडावा तसं हे प्रिस्क्रिप्शन. सही अस्सल, वटणार मात्र नाही.

‘आमचा पुरवठादार एफडीए-रजिस्टर्ड आहे’ हे उत्तर तयारच असतं. नोंदणी कारखान्याची होते, मंजुरी औषधाला मिळते. दोन्हींची गल्लत मुद्दाम केली जाते. तशीच दुसरी गल्लत यादीची. सप्टेंबर २०२४ मध्ये पाच पेप्टाइडांची नावं दुसऱ्या वर्गातून निघाली, कारण ती सुचवणाऱ्यांनीच आपले अर्ज मागे घेतले होते. “बघा, बंदी उठली!” म्हणून त्याची जाहिरात करता येते. पण दुसऱ्या वर्गातून नाव निघणं म्हणजे परवानगी नव्हे. वरच्या तीन दारांपैकी एक तरी उघडलं का, एवढंच विचारायचं.

टीबी-५०० मध्ये तर नावातच घोळ. कधी या नावाने ७ अमिनो आम्लांचा तुकडा विकतात, कधी ४३ अमिनो आम्लांचं अख्खं थायमोसिन बीटा-४. पहिल्याचं रेणुभार साधारण ८८९, दुसऱ्याचं ४,९६० च्या आसपास. एक मिलिग्रॅम म्हणजे दोन्हीत सारखंच औषध, असं अजिबात नाही. आणि ४० पेक्षा जास्त अमिनो आम्लं असली की २०२० पासून तो पदार्थ कायद्याने बायोलॉजिक (जैविक औषध) ठरतो, म्हणजे ५०३ए चा रस्ताच बंद. “यात नक्की किती अमिनो आम्लं आहेत?” हा प्रश्न विचारून बघा. उत्तर देताना समोरचा गोंधळला, तर त्यालाही आपण काय विकतोय ते ठाऊक नाही.

मग माल येतो कुठून? बऱ्याचदा ‘रिसर्च’ साइटवरून. कुपी हातात घेऊन लेबल वाचा. फार्मसीने दिलेल्या कुपीवर रुग्णाचं नाव, फार्मसीचं नाव आणि पत्ता, प्रिस्क्रिप्शन क्रमांक, ताकद आणि वापरायची अंतिम तारीख असते. इथे असतं फक्त ‘५ मिग्रॅ’, एक लॉट क्रमांक आणि बारीक अक्षरांत ‘केवळ संशोधनासाठी, मानवी वापरासाठी नाही’. डॉक्टर म्हणतो, “ते कायद्यापुरतं लिहावं लागतं.” खरं आहे, पण ते विक्रेत्याच्या बचावासाठी, तुमच्या नव्हे. तोही बचाव टिकत नाही. एफडीए वस्तूचा हेतू बघते, आणि सोबत सिरिंज आणि डोसचा तक्ता दिला की हेतू उघड होतो. २०२० मध्ये केंटकीतल्या एका कंपाउंडिंग फार्मसीने बीपीसी-१५७ सह अनेक नामंजूर औषधं पाठवल्याचा गुन्हा कबूल केला आणि सुमारे १७.९ लाख डॉलर जप्तीत गमावले. तिच्याकडे प्रिस्क्रिप्शनचे गठ्ठे होतेच की!

सही करायला दिलेला संमतीचा कागद घाईत वाचू नका. ‘मी संशोधनात सहभागी होत आहे’ असं वाक्य त्यात सापडलं, तर चाचणीचा एनसीटी क्रमांक मागा. तो आठ अंकी असतो आणि सरकारी नोंदवहीत लगेच शोधता येतो. खऱ्या चाचणीला एफडीएकडची आयएनडी (नवं औषध माणसांवर तपासण्यासाठीची) नोंद आणि नैतिकता समितीची मान्यता लागते. आयएनडीखालच्या चाचणीत औषधाचे पैसे घ्यायचे तर एफडीएची वेगळी परवानगी लागते. सहभागी करून वर बिलही हातात ठेवलं, तर ते संशोधन नाही, दुकान आहे. २०१८ च्या ‘राइट टू ट्राय’ कायद्याचाही हवाला दिला जातो. तो जिवावरच्या आजारांसाठी आहे, दुखऱ्या कोपरासाठी नाही.

सगळ्यात जास्त फसवतं ते शुद्धतेचं प्रमाणपत्र. ‘एचपीएलसी ९९.२%’ बघून माणूस निर्धास्त होतो. एचपीएलसी म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारी चाचणी. हा आकडा इतकंच सांगतो की यंत्राला जे दिसलं त्यातला किती भाग आलेखाच्या एका शिखरात आला. कुपीत किती मिलिग्रॅम पेप्टाइड आहे, हे तो सांगत नाही, कारण भुकटीत पाणी आणि क्षारही असतात. नेट (निव्वळ) पेप्टाइड ८०% असेल, तर ५ मिग्रॅ भुकटीत पेप्टाइड ४ मिग्रॅच. डोळ्यांनीही कळत नाही. पाच मिलिग्रॅम पेप्टाइड तळाशी जेमतेम दिसतं, तो फुगीर पांढरा थर बहुतेक मॅनिटॉलसारख्या भरावाचा. पेप्टाइड नसलेली कुपीही तितकीच भरलेली दिसेल.

प्रमाणपत्रावर मोजणीच्या प्रकाशाची तरंगलांबी शोधा. बीपीसी-१५७ मध्ये ट्रिप्टोफॅन, टायरोसिन, फिनाइलअॅलानिन या प्रकाश शोषणाऱ्या अमिनो आम्लांपैकी एकही नाही, त्यामुळे २८० नॅनोमीटरवर ते जवळपास दिसतच नाही. मोजणी २१४ ते २२० च्या आसपास व्हायला हवी. २८० वर सुरेख शिखर दाखवणारा आलेख दुसऱ्याच कशाचा तरी आहे. रेणूचं वजन मोजणाऱ्या मास स्पेक्ट्रममध्ये रेणुभार १,४१९ च्या जवळपास यावा. निर्जंतुकतेच्या नेहमीच्या यूएसपी चाचणीत नमुना १४ दिवस उबवतात, तेव्हा माल सोमवारी तयार आणि अहवाल गुरुवारी असेल, तर कोणती पद्धत वापरली ते लेखी मागा. एंडोटॉक्सिनचा, म्हणजे जिवाणूंच्या विषाचा, रकाना बहुधा नसतोच. ०.२२ मायक्रॉनची गाळणी जिवाणू अडवते, त्यांचं विष आरपार जातं. टोचल्यावर काही तासांत थंडी वाजून ताप आला, तर ‘औषध काम करतंय’ या समजुतीत राहू नका, डॉक्टर गाठा. ज्याने कुपी विकली तो सोडून दुसरा.

मापाची चूकही इथलीच. ५ मिग्रॅच्या कुपीत २ मिलि पाणी घातलं, तर यू-१०० सिरिंजवरच्या (१ मिलि म्हणजे १०० युनिट) १० युनिटांत २५० मायक्रोग्रॅम येतात. पुढच्या खेपेला कुपी १० मिग्रॅची आली आणि तक्ता जुनाच राहिला, तर त्याच दहा रेघांत दुप्पट जातं. फार्मसीत हा हिशेब फार्मासिस्ट तपासतो. इथे मोबाइलवर आलेला तक्ता तपासतो कोण?

इंजेक्शन नको तर कॅप्सूल घ्या, तो सप्लिमेंट आहे, असंही गळी उतरवतात. बीपीसी-१५७ आहारपूरक घटक म्हणून कायद्यात बसत नाही, डबी बदलली म्हणून काही बदलत नाही. आणि स्पर्धेत उतरणाऱ्यांनी तर लांबच राहावं. वाडाने (जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने) २०२२ पासून बीपीसी-१५७ नामंजूर पदार्थांच्या एस० वर्गात नावानिशी ठेवलंय, टीबी-५०० हार्मोन आणि वाढघटकांच्या एस२ वर्गात आहे. शरीरात सापडलं की जबाबदार खेळाडू. डॉक्टरची चिठ्ठी दाखवून सुटका होत नाही.

पैसे गेलेच असतील, तर कुपी फेकू नका. उरलेलं औषध, खोकं, सिरिंजचं वेष्टन एका पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवा, लॉट क्रमांकाचा फोटो काढा. त्रास झाला असेल तर एफडीएच्या मेडवॉच या दुष्परिणाम-नोंद यंत्रणेकडे ३५००बी हा ग्राहकांचा फॉर्म भरा. डॉक्टरची तक्रार राज्याच्या मेडिकल बोर्डाकडे, फार्मसीची बोर्ड ऑफ फार्मसीकडे, दोन्ही वेगळ्या. क्रेडिट कार्डाने पैसे दिले असतील, तर बिल निघाल्यापासून ६० दिवसांच्या आत बँकेकडे लेखी हरकत नोंदवा. क्रिप्टो किंवा थेट ट्रान्सफरने दिलेले परत मिळणं कठीण, आणि विक्रेत्यांचा आग्रह त्याच मार्गांचा असतो. तक्रार करण्याआधी एक काम मात्र त्याच दिवशी करा: डोसचा तक्ता असलेल्या पानाचा आणि क्लिनिकच्या मेसेजांचा तारखेसह स्क्रीनशॉट घ्या. तक्रारीची कुणकुण लागली की पहिल्यांदा गायब होतं ते हेच पान.