पीएचपी: सहा वर्षं वापरल्यानंतर

वेबसाइटी बनवायच्या पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेला पाचपैकी साडेतीन तारे. सहा वर्षं रोज वापरून देतेय. त्याआधीची चार वर्षं मी पायथन या दुसऱ्या भाषेवाली होते आणि पीएचपीला हात न लावता तिला नावं ठेवत होते. तो अनुभव यात धरलेला नाही.

कापलेल्या ताऱ्यांचं आधी सांगते. रास्मस लर्डॉर्फने १९९५ मध्ये लोकांपुढे ठेवली ती स्वतःच्या वेबपानासाठी केलेली छोटी साधनं. पुढे खोलीला खोली जोडत वाडा वाढला, आणि ते जाणवतं. मजकुरात शोधणाऱ्या स्ट्रपॉस या फंक्शनला आधी गंजी (जिच्यात शोधायचं ते) द्यायची, मग सुई (जे शोधायचं ते). यादीत शोधणाऱ्या इन-अ‍ॅरेला आधी सुई, मग गंजी. अजून मॅन्युअल उघडून बघते. शून्य आणि 'एबीसी' समान आहेत का विचारलं, तर उत्तर 'हो' यायचं. ते २०२० च्या आठव्या आवृत्तीत एकदाचं थांबलं. वादात हे उदाहरण मी पन्नासदा तरी फेकलं असेल. कामात त्याने मला एकदाही छळलं नाही.

छळलं ते भलत्याच गोष्टीने. नोंदणीच्या फॉर्मवर नावाला ३० अक्षरांची मर्यादा होती. 'पुरुषोत्तम' लिहून पुढे आडनाव टाकलं की 'नाव फार मोठं आहे'. पीएचपीचं लांबी सांगणारं फंक्शन, स्ट्रलेन, अक्षरं नाही, बाइट (साठवणीचे तुकडे) मोजतं. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटांचं. काना, मात्रा, हलन्त सगळे वेगळे धरून. पुरुषोत्तम बरोबर ३० भरतो. टीममधल्या गो या भाषेच्या भक्ताला आयतंच सापडलं. 'सांगत होतो ना!' म्हणत त्याने दोन आठवड्यांत ती सेवा गोमध्ये लिहून काढली. वेग खरंच वाढला. पुरुषोत्तम मात्र तिथंच अडकला, कारण गोचं लेनसुद्धा बाइटच मोजतं. मी हसले नाही असं म्हणणार नाही.

दुरुस्ती दोन्हीकडे एका ओळीची: इकडे बाइटांऐवजी चिन्हं मोजणारं एमबी-स्ट्रलेन, तिकडे रून, म्हणजे तशीच चिन्हं, मोजणारं फंक्शन.

बाकी तक्रार नाही. होस्टिंग कुठेही मिळतं, फाइल बदलली की पान बदलतं. विकिपीडियामागचं मीडियाविकी आणि वेबसाइटी चालवणारं वर्डप्रेस हिच्यावरच उभे आहेत, तेव्हा टिकेल का ही चिंता नको. नव्याने शिकणाऱ्याने आठव्या आवृत्तीपासूनच सुरुवात करावी.

पायथनवाल्या मैत्रिणीला हे सांगितलं तर म्हणाली, 'आमच्याकडे असं झालंच नसतं.' म्हटलं, 'नमस्ते'ची लांबी विचारून बघ. पीएचपीचं स्ट्रलेन १८ म्हणालं, पायथन ६. तिचा पहिलीतला मुलगा शेजारी बसला होता. त्याने बोटांवर अक्षरं मोजली: ३.